पंधरा वर्षांनी आलेला फोन: कॅन्सरनंतरच्या तब्येतीच्या अभ्यासात भाग घेतला, त्याची गोष्ट

११ सप्टेंबर २०२३, सोमवार. दुपारी दादाचा फोन आला. ऑफिसच्या वेळात तो कधी फोन करत नाही त्यामुळे उचलतानाच धस्स झालं. म्हणाला, "अगं, तुझ्या तेव्हाच्या हॉस्पिटलचं नाव सांगून कुणीतरी बोलत होतं, तुझा नंबर मागतायत, देऊ का?" २००८ साली केसपेपरवर त्याचाच नंबर लिहिला होता आणि त्याने तो अजून बदललेला नाही, म्हणून हे सगळं घडलं.

आधी थोडं मागचं सांगते. २००८ च्या मार्चमध्ये मला हॉजकिन्स लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) निघाला, तेव्हा मी वीस वर्षांची होते. मानेत गाठ लागली होती, तपासण्यांमध्ये छातीतही मोठी गाठ दिसली. एप्रिल ते सप्टेंबर केमो, एबीव्हीडी या चार औषधांच्या मिश्रणाच्या सहा सायकल म्हणजे बारा डोस, आणि नोव्हेंबरमध्ये मानेला आणि छातीला पंधरा दिवस शेक. (रेडिएशनला आमच्या घरी सगळे शेकच म्हणायचे, अजूनही तोंडात तेच येतं.) पुढे पाच वर्षं फॉलोअप झाला आणि २०१३ च्या शेवटी सांगितलं की आता येत राहायची गरज नाही, तुम्ही बऱ्या झालात. मग लग्न, नोकरी, २०१६ मध्ये मुलगी. कॅन्सरचा विषय घरात हळूहळू बंद झाला, कुणी मुद्दाम बंद केला असं नाही, पण झाला.

संध्याकाळी त्या बाईंचा फोन आला. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "सगळ्यात आधी सांगते, तुमच्या कुठल्याही रिपोर्टमध्ये काही निघालेलं नाही, काळजीचं काही नाही." मला वाटतं अशा कामाला बसणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य पहिल्यांदा बोलावं, कारण तोपर्यंत माझे पाय गार पडले होते. त्या एका संशोधन गटाच्या कोऑर्डिनेटर होत्या. कमी वयात कॅन्सरचे उपचार झालेले आणि त्याला पाचपेक्षा जास्त वर्षं उलटलेले लोक आता कसे आहेत, तब्येत कशी, मन कसं, नोकरी-संसार कसा, याचा ते अभ्यास करत होते. जुन्या रजिस्टरमधून नावं घेऊन एकेकाला फोन चालले होते.

मी "विचार करून सांगते" म्हटलं आणि फोन ठेवून बराच वेळ तशीच बसले. पंधरा वर्षांत मला "आता कशी आहेस" असं खूप जणांनी विचारलं होतं, पण ते विचारताना त्यांना "बरी आहे" हेच ऐकायचं असायचं आणि मीही तेच सांगत आले. खरं उत्तर ऐकायचंय म्हणून विचारणारं हे पहिलंच कुणीतरी होतं.

घरी आईचा कडक विरोध. "तुझ्यावर प्रयोग करणार ते." नवऱ्याचं म्हणणं, तुला त्रास होणार असेल तर नको. तर इथे पहिला मुद्दा, फोनवर लगेच विचारून घ्या की हे औषधाचं ट्रायल आहे की फक्त निरीक्षण. आमचं निरीक्षण होतं, म्हणजे नवीन औषध नाही, इंजेक्शन नाही, तपासण्या करायच्या, प्रश्न विचारायचे, दरवर्षी गाठायचं. आईला हे तीनदा समजावलं, शेवटी कोऑर्डिनेटर तिच्याशी स्वतः बोलल्या तेव्हा ती थोडी शांत झाली.

४ ऑक्टोबरला संमतीपत्रासाठी गेले. चौदा पानं. मला वाटलं होतं सही करून निघायचं, पण त्यांनी एकेक पान वाचून दाखवलं, सव्वा तास लागला. कधीही बाहेर पडता येतं आणि कारण द्यावं लागत नाही. नावाऐवजी कोड नंबर वापरतात. रक्ताचा एक नमुना पुढच्या संशोधनासाठी साठवायचा की नाही याची सही वेगळी, त्याला नाही म्हटलं तरी बाकीच्या अभ्यासात राहता येतं. मी हो म्हटलं, कारण त्यांनी सांगितलं की एकाच औषधाचा एवढाच डोस घेतलेल्या दोघांपैकी एकाचं हृदय बिघडतं आणि दुसऱ्याचं ठणठणीत राहतं, ते का, हे शोधायला जनुकं बघावी लागतात.

एका चौकटीपाशी मात्र मी अडले. "तपासणीत काही आढळल्यास मला कळवावे / कळवू नये." पेन "कळवू नये" वर नेलं होतं, खरंच सांगते. इतकी वर्षं कसंबसं मागे टाकलेलं परत समोर कशाला आणायचं असं वाटत होतं. कोऑर्डिनेटर काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. मग मुलीचा विचार आला आणि मी "कळवावे" वर खूण केली. पुढे जे झालं ते सगळं त्या एका खुणेमुळे झालं. तुम्हाला तिथे वेळ लागला तर वेळ घ्या, फॉर्म घरी नेऊन दोन दिवसांनी सही केली तरी चालतं.

मग सुरू झाला सगळ्यात कंटाळवाणा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, जुने कागद. त्यांना माझ्याकडून दोन आकडे हवे होते, लाल औषधाचा एकूण डोस आणि छातीला बसलेल्या शेकाचा एकूण डोस. एबीव्हीडीमधलं लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, तेव्हा त्याला अ‍ॅड्रियामायसिन म्हणायचे, ते चढवल्यावर लघवी लाल व्हायची आणि पहिल्या वेळी मी रक्त समजून ओरडले होते. ते औषध हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं आणि ती इजा कधीकधी दहा-वीस वर्षांनी दिसते. आयुष्यभरात एकूण किती घेतलं यावर धोका ठरतो, शरीराच्या क्षेत्रफळाच्या प्रति चौरस मीटर २५० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर धोका जास्त धरतात, आणि छातीला शेक दिलेले असतील तर आणखी वाढतो. हे मला आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी कळलं.

माझ्याकडे होतं काय, तर एक डिस्चार्ज कार्ड, त्यावर "केमोथेरपी सहा सायकल पूर्ण" एवढंच. ६ ऑक्टोबरला जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज दिला. ओळखपत्राची प्रत, रजिस्ट्रेशन नंबर, अर्ज हाताने लिहिलेला. त्यांनी लग्नाआधीचं नाव आणि आताचं नाव एकच असल्याचा पुरावा मागितला, तो दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. मग तीन आठवड्यांनी या. तीन आठवड्यांनी गेले तर संबंधित माणूस रजेवर. २४ नोव्हेंबरला उत्तर मिळालं की इतक्या जुन्या फाईली नष्ट केल्या आहेत. खिडकीतल्या माणसाने वाईट वाटून सांगितलं, वाईट वागला नाही, पण मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. माझ्या आयुष्यातलं ते एक वर्ष कुणीतरी रद्दीत काढलं असं काहीतरी वाटलं.

कोऑर्डिनेटरना फोन केला तर त्या म्हणाल्या, रेडिएशन विभागात वेगळं विचारा, त्यांचं ट्रीटमेंट कार्ड बरेचदा वेगळं ठेवलेलं असतं. आणि खरंच, १५ डिसेंबरला ते कार्ड मिळालं. पिवळट पुठ्ठा, त्यावर पंधरा तारखा, प्रत्येकीपुढे २ ग्रे (शेक मोजायचं एकक) आणि टेक्निशियनची सही, खाली बेरीज ३० ग्रे. फोटोकॉपीची फी भरली, शिक्का मारून घेतला. (शिक्का मारून घ्याच, नाहीतर परत फेरी पडते.)

राहिला केमोचा आकडा. मी दादाला सहज म्हटलं की फाईल गेली, आता कसं कळणार. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "माझ्याकडे वही आहे."

मला माहीतच नव्हतं. त्या वेळी तो चोवीस वर्षांचा होता, प्रत्येक डोसला माझ्यासोबत यायचा आणि बाहेर बाकावर बसायचा. शाळेची असते तसली शंभर पानी वही, निळं कव्हर. प्रत्येक पानावर तारीख, वजन, पांढऱ्या पेशी किती, कुठलं औषध किती मिलिग्रॅम, सुई कुठल्या हाताला, किती वाजता सुरू, किती वाजता संपलं, घरी आल्यावर किती उलट्या. पहिल्या पानावर उंची १५५, वजन ५३.५. अ‍ॅड्रियामायसिनपुढे बारा वेळा ३८ लिहिलेलं. एका पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने "आज बोलली नाही" असं होतं. मी ते पान पटकन उलटलं.

अभ्यासातल्या डॉक्टरांनी माझ्यासमोर हिशेब केला. उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ साधारण १.५२ चौरस मीटर, ३८ गुणिले १२ म्हणजे ४५६ मिलिग्रॅम, त्याला १.५२ ने भागलं की ३००. त्या आकड्याखाली त्यांनी रेघ मारली. म्हणाल्या, "तुमच्या भावाने जे केलं ते खरं तर आमच्या लोकांनी करून तुमच्या हातात द्यायला हवं होतं." उपचार संपताना एका पानाचा सारांश मिळायला हवा, कुठली औषधं, एकूण किती, शेक कुठे आणि किती, पुढे कुठल्या तपासण्या कधी. ज्यांचे उपचार नुकतेच संपलेत किंवा संपत आलेत त्यांनी हे पान आजच मागा, तोंडी नाही, लेखी. आणि मिळालं की फोनमध्ये फोटो काढून ठेवा, घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्येही.

प्रश्नावल्या घरी भरायच्या होत्या, तीन होत्या. त्यातली एक ३० प्रश्नांची, जगभर वापरतात म्हणे, गेल्या आठवड्यात असं असं झालं का, आणि उत्तरं चार, अजिबात नाही पासून खूप जास्त पर्यंत. भरायला दहा मिनिटं लागतील असं वाटलं होतं, दोन रात्री लागल्या. दम लागतो का, झोप लागते का, लक्ष एकाग्र होतं का, गोष्टी लक्षात राहतात का, आजारपणामुळे पैशाची ओढाताण झाली का. आणि थकवा, तो तर वेगवेगळ्या शब्दांत तीन ठिकाणी विचारला होता, आराम करावासा वाटला का, अशक्त वाटलं का, थकल्यासारखं वाटलं का.

मी वर्षानुवर्षं समजत होते की मी आळशी आहे. दुपारी चारनंतर अंगातलं सगळं कुणीतरी काढून घेतल्यासारखं व्हायचं, मुलीला खेळायला न्यायचं तर आधी अर्धा तास पडावं लागायचं, ऑफिसमधल्या बायका दोन मुलं सांभाळून काय काय करतात आणि मला एक जड जातं. हे मी नवऱ्यालाही नीट सांगितलं नव्हतं. आणि इथे कुणीतरी कागदावर छापून विचारत होतं, म्हणजे हे इतक्या लोकांना होतं की त्याचा प्रश्न तयार झाला. "खूप जास्त" वर गोल करताना मला लाज वाटली नाही, बरं वाटलं.

एक सूचना, प्रश्नावली रात्री एकट्याने भरू नका. परत उलटण्याच्या भीतीबद्दलचे प्रश्न आहेत त्यात, किती वेळा मनात येतं, आलं की काय करता. मी त्या रात्री मानेवरून सारखा हात फिरवत होते, गाठ शोधत. दिवसा भरा, घरात कुणीतरी असताना, आणि नको वाटेल तो प्रश्न सोडा, सोडायची मुभा असते.

तपासणीचा दिवस १७ जानेवारी २०२४. सकाळी उपाशीपोटी रक्त, मग दिवसभर एकामागून एक. ऑफिससाठी चिठ्ठी मागितली तर त्यांनी फक्त "वैद्यकीय तपासणी" लिहून दिलं, कॅन्सर शब्द नाही, हे मी न सांगता त्यांनी केलं म्हणून मला फार आधार वाटला. प्रवासखर्च अभ्यासातून मिळाला, तिकिटं जपून ठेवावी लागली. अभ्यासातल्या तपासण्यांना पैसे नाहीत, पण तपासणीत काही निघालं तर पुढचं आपलं आपण बघायचं, हे संमतीपत्रात नवव्या पानावर होतं, ते नीट वाचा.

सहा मिनिटं चालण्याची तपासणी साधी वाटते. तीस मीटरचा कॉरिडॉर, दोन टोकांना प्लास्टिकचे शंकू, त्यांना वळसे घालत चालायचं, पळायचं नाही, बोलायचं नाही, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. शेवटच्या मिनिटात पोटऱ्या भरून आल्या. ५१२ मीटर झाले. फुफ्फुसांच्या तपासणीत नाकाला क्लिप लावून सगळा श्वास सोडायचा, मग एका दमात पूर्ण आत घ्यायचा आणि दहा सेकंद धरायचा, टेक्निशियन मोठ्याने मोजत होता, मला तीनदा करावं लागलं. एबीव्हीडीमधलं ब्लिओमायसिन फुफ्फुसांवर परिणाम करू शकतं म्हणून ही तपासणी. तिथल्या डॉक्टरांनी हेही सांगितलं की कधी ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ब्लिओमायसिन घेतलं होतं हे न विचारता सांगायचं. मुलीच्या वेळी माझं सिझेरियन झालं होतं, तेव्हा मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, मलाच ठाऊक नव्हतं.

शेवटी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डाव्या कुशीवर झोपायचं, गार जेली, खोलीत अंधार. साध्या इकोपेक्षा जास्त वेळ लागतो कारण हृदयाचा स्नायू प्रत्येक ठोक्याला किती आकसतो तेही मोजतात, त्याला स्ट्रेन म्हणतात. पंपिंगचा आकडा चांगला दिसत असतानाही स्ट्रेनमध्ये बिघाड आधी दिसू शकतो. मॉनिटर माझ्याकडून दिसत नव्हता, फक्त टेक्निशियनचा चेहरा दिसत होता, आणि मी पंचवीस मिनिटं तो चेहरा वाचत पडले होते. असं करू नका, त्यांचा चेहरा कामात असताना तसाच असतो.

नंतर पाच आठवडे वाट पाहिली. हा काळ मला केमोच्या रिपोर्टच्या दिवसांइतकाच जड गेला. फोन वाजला की पोटात खड्डा.

२३ फेब्रुवारीला डॉक्टरांनी बोलावलं. पाऊण तास दिला. हृदयाचं पंपिंग ५५ टक्के, म्हणजे ठीक, स्ट्रेन थोडा कमी, १७, साधारण २० च्या आसपास असतो. आजार म्हणायचं नाही पण लक्ष ठेवायचं, रक्तदाब वाढू द्यायचा नाही, दर दोन वर्षांनी तरी इको. मी गरोदर होते तेव्हा इको करायला हवा होता असंही त्या म्हणाल्या, हळू आवाजात. फुफ्फुसं थोडी कमी पण रोजच्या आयुष्याला पुरेशी. थायरॉइड मात्र बिघडलेलं होतं, टीएसएच (थायरॉइड कसं चालतंय ते सांगणारा रक्तातला आकडा) ९.८. मानेला शेक दिले की थायरॉइड हळूहळू मंदावतं, हे अगदी नेहमीचं आहे, आणि वर्षातून एकदा साधी रक्ततपासणी केली की कळतं. मला पंधरा वर्षांपैकी किती वर्षं ते होतं कुणास ठाऊक.

आणि मग त्यांनी स्तनांची तपासणी कधी केली होती असं विचारलं. मी म्हटलं माझं वय पस्तीस, आमच्या घरात कुणाला नाही, कशाला करू. त्यांनी समजावलं की कमी वयात छातीला शेक मिळालेल्या बायकांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो, म्हणून २५ व्या वर्षापासून किंवा शेक घेतल्यावर आठ वर्षांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) सुचवतात. माझा शेक नोव्हेंबर २००८. म्हणजे २०१६ च्या शेवटापासून. सात वर्षं गेली होती आणि मला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं.

मला राग आला, खूप आला. त्यांनी राग येऊ दिला. म्हणाल्या की बऱ्याच देशांत हीच गोष्ट आहे, उपचार करणारे वेगळे, नंतर बघणारे वेगळे, आणि मधल्या फटीत माणूस हरवतो. त्यांनीच मला फिट्झह्यू मलान या अमेरिकन डॉक्टरांबद्दल सांगितलं. त्यांना स्वतःला बत्तिसाव्या वर्षी छातीत कॅन्सर झाला होता आणि १९८५ साली त्यांनी एका लेखात मांडलं की "बरा झाला" आणि "बरा झाला नाही" असे दोनच कप्पे करून चालत नाही, निदान झाल्यापासून जगण्याचे टप्पे असतात, उपचारांचा, मग भीतीने वाट पाहण्याचा, मग दीर्घकाळ सोबत घेऊन जगण्याचा. मला २०१३ साली पहिल्या कप्प्यात टाकून दार लावलं होतं असं म्हणा ना.

एमआरआय एप्रिलमध्ये केला. पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात करतात, कारण इतर दिवसांत चित्र स्पष्ट येत नाही, त्यामुळे तारीख घेतानाच हिशेब करून घ्या, मला एकदा बदलून घ्यावी लागली आणि तीन आठवडे वाढले. पालथं झोपायचं, हाताला काँट्रास्टची (चित्र स्पष्ट येण्यासाठीच्या औषधाची) सुई, आवाज प्रचंड. डाव्या बाजूला एक लहान गाठ दिसली. सोनोग्राफी, मग सुई घालून तुकडा, मग नऊ दिवस. साधी निघाली, कॅन्सरची नाही. त्या नऊ दिवसांबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही. नवरा रोज रात्री मुलीला झोपवून माझ्याशेजारी येऊन नुसता बसायचा, तेवढंच लिहिते. आणि विम्याचं म्हणाल तर जुना कॅन्सर असलेल्यांनी तपासणीच्या आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या की हे बसतं का, मला नंतर कळलं की बसत नाही.

थायरॉइडची गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी, दोन महिन्यांनी परत टीएसएच, मग डोस थोडा वाढवला. जुलैपर्यंत फरक पडला. सगळा थकवा गेला असं नाही, जे आहे ते लिहायला हवं, पण दुपारी चारचा तो कडा आता सहापर्यंत सरकलाय, आणि ते दोन तास म्हणजे माझ्या मुलीची अख्खी संध्याकाळ आहे.

दादाचा भाग मी शेवटी ठेवला. मार्च २०२४ मध्ये कोऑर्डिनेटरनी विचारलं की तुमच्या भावाला प्रश्नावली पाठवू का. मला आधी कळेना त्याचा काय संबंध. तुलनेसाठी सख्खी भावंडं घेतात, त्याच घरात वाढलेली, वयाने जवळची, फक्त कॅन्सर न झालेली. अमेरिकेत १९९४ पासून चालू असलेला एक मोठा अभ्यास आहे, २१ वर्षांच्या आत कॅन्सर झालेल्यांचा, त्यातही असंच केलं. २००६ साली त्यांनी १०,३९७ जणांचे आकडे दिले, त्यातल्या ६२.३ टक्के लोकांना कुठला ना कुठला जुनाट आजार होता, आणि गंभीर किंवा जिवावर बेतणारे आजार भावंडांच्या मानाने आठ पट जास्त. म्हणजे भावंडांनी फॉर्म भरले म्हणून तो आठ आकडा मिळाला, नाहीतर "वयाने होतंच असं" म्हणून सोडून दिलं असतं.

दादाने एका रविवारी फॉर्म भरायला घेतला आणि मला फोन केला, शब्द कळत नाहीत म्हणून, असं तो म्हणाला. आम्ही एकेक प्रश्न वाचत गेलो. रक्तदाब, साखर, सिगारेट, सगळं पटापट झालं. मग झोपेचे, मग चिंतेचे. एका प्रश्नाला तो थांबला. भावंडाच्या आजारपणाबद्दल तुम्ही कधी कुणाशी बोललात का. फोनवर त्याच्या घरातला पंखा ऐकू येत होता. म्हणाला, "हा सोडतो." मी म्हटलं सोड, चालतं. आणि मग मला ती पेन्सिलने लिहिलेली ओळ आठवली, आणि लक्षात आलं की त्या वर्षभर मी कुणाशी बोलले नाही ही नोंद त्याने ठेवली होती, पण तो कुणाशी बोलला याची नोंद कुठेच नव्हती. आई माझ्याजवळ असायची, बाबा पैशाच्या मागे, आणि चोवीस वर्षांचा मुलगा बाकावर वही घेऊन.

मी त्याला त्या दिवशी काही विचारलं नाही. धीर झाला नाही. पण नंतर आम्ही आठवड्यातून एकदा तरी बोलायला लागलो, आधी तब्येतीचं, मग इतर.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्या वर्षाची फेरी झाली. या वेळी दिवस कमी जड गेला, सगळे चेहरे ओळखीचे, चालण्याच्या तपासणीत ५३८ मीटर. कोऑर्डिनेटरनी वहीच्या पानांच्या प्रती मागच्याच वर्षी घेऊन ठेवल्या होत्या, मूळ वही या वेळी परत दिली. पुढचा इको जानेवारी २०२६ ला, एमआरआय दरवर्षी एप्रिलमध्ये.

दादा स्वतःहून सोबत आला होता. भावंडांची प्रश्नावली परत असते का, असं त्यानेच काउंटरवर विचारलं, आणि बाहेरच्या बाकावर बसून भरली, मला जवळ बोलावलं नाही. बराच वेळ लागला. पाकीट त्याने स्वतः चिकटवलं, आत दिलं, आणि माझ्याकडची वही मागून घेऊन शेवटच्या कोऱ्या पानावर इकोची तारीख लिहिली.